आमरसाचा मोठा डबा

फार जुनी नव्हे, गेल्या उन्हाळ्यातलीच गोष्ट. कुमुदताईंच्या म्हाताऱ्या फ्रीझरमध्ये आमरसाचा मोठा डबा राहायला आला. ओल्या खोबऱ्याच्या चिमुकल्या डब्या बघून तो हसला, "तुमची तर ताटातूटच झाली! आम्ही बघा, सगळे एकत्र."

एकदा जावई जेवायला आले. आमटीसाठी खोबऱ्याची एकच डबी गेली. बाकीच्या गाढ झोपून राहिल्या. दोन वाट्या रसासाठी मात्र अख्खा डबा निघाला, दुपारभर ओट्यावर वितळला आणि संध्याकाळी परत आत आला.

"आजोबा, पोटात कसंतरीच होतंय. तुमच्या गारव्यानं बरं वाटेल ना?"

फ्रीझरनं त्याला जवळ घेतलं. "लेकरा, मी नुसता झोपवतो रे. बरं करणं मला येत नाही."