धैर्यशीलरावांची इकॉलॉजी

बिल्डर धैर्यशीलरावांनी गावचं एक तळं बुजवून 'इकॉलॉजी पार्क' नावाची वसाहत उभी केली होती. आता त्यांचा डोळा दुसऱ्या तळ्यावर होता. हरकत घेणाऱ्या दोन प्राध्यापकांना त्यांनी भर ग्रामसभेत आव्हान दिलं, "इकॉलॉजीचा अर्थ या लोकांना पटवून द्या, मी तळं सोडतो."

त्या दोघांपैकी हेरंब तावातावाने उठला. "सजीव आणि त्यांचा परिसर यांच्यातील परस्परसंबंधांचा..." लोक जांभया देऊ लागले, तसा तो खाली बसला. मग शर्वाणी उठली. कॉलेजात नेहमी हिचंच कौतुक व्हायचं. आज तरी हिची फजिती व्हावी, असं हेरंबला मनापासून वाटलं.

"साहेब, तुमच्या पार्कात बेडूक आहेत?" तिने विचारलं.

"एकही ठेवला नाही!" धैर्यशीलराव फुशारकीने म्हणाले.

"आणि डास?"

"त्यांनी तर जीव नकोसा केलाय."

"बघा मंडळी, बेडूक गेले आणि डास वाढले. इकॉलॉजीचा अर्थ साहेबांनीच सांगितला!"

सभेत हशा उसळला. धैर्यशीलरावांना सर्वांदेखत शब्द पाळावा लागला.

तळं वाचलं म्हणून हेरंबने टाळ्या वाजवल्या. शर्वाणीचं अभिनंदन करायला मात्र काही केल्या त्याची जीभ रेटेना.