वारुळाची वाट

मुलांनो, तुमच्या रोजच्या वाटेवर खड्डा पडला, तर तुम्ही काय कराल?

फार जुन्या काळी चिंचेखालच्या मुंग्यांपुढे हाच प्रश्न आला. त्यांच्या वाटेत एका किड्याने भुसभुशीत मातीत खड्डा केला होता. काठावर पाय घसरला की मुंगी थेट तळाशी बसलेल्या किड्याच्या तोंडात जाई. त्या सकाळी ठकू मुंगीची धाकटी बहीण अशीच गेली.

मुकादमीण गोदाक्का म्हणाली, "नजर खाली ठेवून चाला गं!"

"अक्का, तोंडात एवढा दाणा धरल्यावर दाण्याशिवाय काय दिसतं?" ठकूने विचारलं.

"मग काठावर पहारेकरीण उभी करू. ती ओरडेल."

दुपारी पहारेकरणीच्याच पायाखालची माती सरकली. ठकू आणि गोदाक्काने तिला कसंबसं ओढून काढलं.

"अक्का, वाटच बदलू," ठकू म्हणाली.

"आली मोठी शहाणी! आपल्या पणज्यांनी सोडलेल्या वासाची वाट आहे ही. चिंचेच्या मुळाला वळसा घालायचा म्हणजे दुप्पट चाल."

"दमू, पण घरी येऊ."

ठकू पोट जमिनीला घासत, नवा वास सोडत मुळामागून फिरली. तरी मुंग्या जुन्याच वासामागे निघाल्या. तेव्हा ठकू जुनी वाट पायांनी उकरून पुसू लागली. पाय सोलले, तरी ती थांबली नाही. गोदाक्का तिच्याशेजारी आली.

"सरक जरा," म्हणत तीही उकरायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रांग मुळाला वळसा घालून गेली आणि रांगेतली प्रत्येक मुंगी घरी परत आली.