दोन वेशींवरच्या शलाका

पूर्वी कुसुमपूर नावाच्या नगरात विजितसेन राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व त्याचा अमात्य होऊन जन्मला होता. मतिदत्त हे त्याचे नाव.

नगराच्या वर एक मोठा तलाव होता आणि त्याच्या बांधातल्या पाणी सोडायच्या दाराची राखण नंदिल नावाचा माणूस करीत असे. एका आश्विनात अवकाळी पाऊस कोसळला आणि बांध फुटायला आला. नंदिलाने दार उघडले. बांध वाचला, नगर वाचले. पण खालच्या अंगाला राजाच्या नव्या महालासाठी थापलेल्या कच्च्या विटा वाळत होत्या, त्यांचा चिखल झाला.

राजाने त्याला दोरांनी बांधून आणवले आणि विचारले, "पाणी विटांवर जाणार हे तुला ठाऊक होते?"

"होते, महाराज. पण तेव्हा मला बांधाखेरीज काही सुचत नव्हते."

त्या राज्याचा कायदा असा होता, की राजाचे नुकसान चुकून झाले तर क्षमा, मुद्दाम केले तर उजवा हात तोडायचा. पुरोहित वसुशर्मा लगेच म्हणाले, "यात विचार कसला करायचा? ठाऊक असून केले, म्हणजे मुद्दाम केले. रस्त्यावरचे पोरही हेच सांगेल." पुरोहित खरोखर विद्वान होते. फक्त आपल्याला वाटते तेच साऱ्या जगाला वाटते, असा त्यांचा समज होता, आणि विद्वानांना हा आजार लवकर जडतो.

नंदिलाची बायको सामा सभेच्या दाराशी रडत उभी होती. बोधिसत्त्वाला तिच्याकडे पाहवेना. तो म्हणाला, "आचार्य, रस्त्यावरची माणसे काय सांगतील ते त्यांनाच विचारून पाहिले तर?"

"विचारा की! माझी कुठे ना आहे?"

त्या नगरात गावकीचे मत घ्यायचे तर शलाका टाकीत. शलाका म्हणजे बांबूच्या काड्या. बोधिसत्त्वाने ठरवले, की लाल काडी म्हणजे 'मुद्दाम केले' आणि पांढरी म्हणजे 'मुद्दाम नव्हे'. मग नगराच्या दोन वेशींवर दोन रांजण ठेवले. पूर्वेच्या वेशीवर राजाला बसवले, पश्चिमेच्या वेशीवर पुरोहितांना. दोन्हीकडे दवंडीवाल्याने परगावच्या एका राखणदाराची गोष्ट सांगितली. ती जवळजवळ एकच होती.

पूर्वेकडे गोष्ट अशी: राखणदाराने बांध वाचवायला दार उघडले, पाणी खाली जाणार हे त्याला ठाऊक होते, आणि खालची धान्याची खळी वाहून गेली. पश्चिमेकडेही तसेच, फक्त पाणी ओसाड माळावर गेले, गाळ बसला आणि त्यावर हरभरा उत्तम आला. प्रश्न दोन्हीकडे एकच. खाली जे झाले, ते त्याने मुद्दाम केले काय?

पूर्वेला एक तेली तावातावाने म्हणाला, "ठाऊक होतं ना त्याला? मग मुद्दामच केलं मेल्यानं!" पश्चिमेला एक माळीण हसली. "अहो, तो गेला होता बांध वाचवायला. हरभरा आला तो आपसूक. त्याचं श्रेय त्याला कशाला?"

संध्याकाळी सभेत रांजण उपडे केले. पूर्वेच्या रांजणातून बहुतेक लाल काड्या पडल्या. "पाहिलेत?" वसुशर्मा आनंदाने म्हणाले. सामेच्या तोंडचे पाणी पळाले. मग पश्चिमेचा रांजण उपडा झाला. त्यात बहुतेक पांढऱ्या होत्या.

बोधिसत्त्व हळूच म्हणाला, "आचार्य, आपणही काडी टाकलीत ना? कोणती?"

"पांढरी," पुरोहित बोलून गेले, आणि बोलता बोलता थबकले. त्यांनाही राखणदाराला सारे ठाऊक असल्याचे सांगितलेच होते. क्षणभर ते ओशाळले, मग मोकळेपणी हसले. "अरेच्चा! माझ्याच काडीनं माझी फजिती केली की, अमात्य!"

राजा म्हणाला, "मी लाल टाकली. मग खरे उत्तर कोणाचे?"

"ते मलाही अजून ठाऊक नाही, महाराज. दोन्ही गोष्टींतल्या राखणदारांचे मन एकच होते, करणीही एकच. बदलले ते फक्त खाली झालेले: एकीकडे नुकसान, दुसरीकडे लाभ. म्हणजे आपण नंदिलाच्या मनात डोकावलोच नाही, विटांचा चिखल पाहून रागावलो. खरे उत्तर शोधत राहू. पण ते उद्या सापडले आणि हात आज तोडला असला, तर तो पुन्हा जोडता येणार नाही."

राजाने स्वतः उठून नंदिलाचे दोर सोडले. सामेने नवऱ्याचा उजवा हात दोन्ही हातांत घट्ट धरला आणि घरापर्यंत सोडला नाही. पुढे त्या राज्यात शिक्षा देण्याआधी प्रत्येक खटल्याची गोष्ट दोन प्रकारे सांगून पाहण्याचा रिवाज पडला, आणि तो रिवाज सुरू करण्यात पुरोहितांचाच पुढाकार होता.

ही कथा सांगून शास्ता, म्हणजे भिक्षूंचे गुरू भगवान, म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा राजा म्हणजे आजचा भिक्षू सुदंत. पुरोहित म्हणजे त्याच्याशेजारी बसून हसतो आहे तो कौशिल. अमात्य मतिदत्त मीच होतो. आणि पाण्यात पडलेल्या लेकराला काढायला धावताना ज्याने फुटणार हे ठाऊक असूनही हातातला संघाचा घडा टाकून दिला, ज्याला आज सकाळी तुम्ही सगळे 'मुद्दाम फोडलास' म्हणालात, तो तेव्हाचा नंदिल."

भिक्षूंनी माना खाली घातल्या. मग सुदंत उठला आणि कोपऱ्यात एकटा बसलेल्या त्या भिक्षूशेजारी जाऊन बसला.

दुसऱ्याचे मन तोलण्याआधी आपले मन तपासून पाहणे, ही बोधिसत्त्वाची त्या जन्मातली प्रज्ञा.