तूच धर

कड्याच्या पायथ्याशी एक वाडी होती. तिथली माणसं कड्यावरची मोहोळं उतरवून पोट भरत. एकानं दोरावरून खाली उतरायचं, दुसऱ्यानं वर दोर झाडाला बांधून सांभाळायचा. दोरापाशी नेहमी उतरणाऱ्याच्या बायकोचा भाऊ असे. ज्याच्या हाती बहिणीचं कुंकू, तो गाठ सैल मारणार नाही, असा वाडीचा विचार.

गोमा उतरायचा. त्याचा मेहुणा वाळकू दोर सांभाळायचा. गोमा मोठा भाविक. वाळकू मात्र देवाचं नाव निघालं की तोंड वाकडं करायचा.

बाकीचे लोक उतरण्याआधी गाठ ओढून बघत. गोमा बघत नसे. कड्याच्या टोकाला हात जोडायचा, "तूच धर रे" म्हणायचा आणि उतरायचा. मध घेऊन घरी आला की सांगायचा, "त्यानं धरलं." लोक आभाळाकडे बघून मान हलवत.

वाळकूला ते झोंबायचं. "दाजी, गाठ मी मारायची आणि नाव देवाचं?"

गोमा नुसता हसायचा.

एकदा वाळकूनं ठरवलं, यांची श्रद्धा बघूच. त्यानं दोर झाडाच्या बुंध्याशी नुसता टाकला, गाठ मारलीच नाही. गोमा टोकाला आला की 'दाजी, आधी गाठ बघा' म्हणायचं आणि त्याचा पडलेला चेहरा पाहायचा, एवढाच त्याचा बेत होता.

पण त्या दिवशी गोमानं हात जोडले आणि लगेच दोर धरला. "तूच धर रे." वाळकूनं तोंड उघडेपर्यंत तो कड्याखाली गेला होता.

दोर सळसळत सुटला. वाळकूनं झडप घातली. तळहात सोलून निघाले. खडकाला पाय रोवून तो मागे रेलला. ओरडायला दम सोडावा, तर पकड सैल होणार. गाठ मारायला हात सोडावा, तर दाजी गेला. आपण काय करून बसलो, ते त्याला आत्ता कळलं. बोटं उकलू लागली, तेव्हा त्याच्या तोंडून शब्द गेले, "तूच धर रे." स्वतःचा आवाज ऐकून तो हादरला. पण दोर सुटला नाही.

बऱ्याच वेळानं गोमा वर आला. कमरेचा डबा मधानं भरलेला होता.

"दाजी, गाठ नव्हती. मी मुद्दाम मारली नाही."

"ठाऊक आहे. झाडाला बांधलेला दोर थरथरत नाही. हा थरथरत होता."

वाळकूनं हातातला दोर टाकला. तो खाली बसला. "मग तसेच वर का नाही आलात? पोळं कशाला कापत बसलात?"

"तू धरला होतास ना."

"पण तुम्ही तर देवाला म्हणत होता, तूच धर."

"तुझ्याकडे बघूनच म्हणायचो. देवाचे हात मी दुसरे कुठे पाहिलेत?" गोमानं डबा पुढे केला. "तळव्यांना मध लाव. आणि हात कशानं सोलले, ते बहिणीला तूच सांग."

वाळकूनं सांगितलं. बहीण कितीतरी दिवस त्याच्याशी बोलली नाही.

पुढच्या खेपेला वाळकूनं गाठ मारली, स्वतःच ओढून पाहिली, आणि तरीही दोर हातात धरून बसला. गोमा "तूच धर रे" म्हणाला, तेव्हा त्याचेही ओठ हलले.

तात्पर्य: वाद घालून देव कुणाला पटत नाही. भाविक माणूस आपला जीव निर्धास्तपणे हाती देतो, तेव्हा न मानणाराही हात सोडत नाही, आणि तिथूनच तो मानू लागतो.