हळदीनं पकडलेला हात

करंजगडावर बाळराजांचं पोट पुन्हा बिघडलं आणि हैबतराव सरकारांनी थेट स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं. नातवावर त्यांचा भारी जीव. रोज पंगतीत त्याला पहिला घास ते स्वतःच्या हातानं भरवत. पण पोर चार दिवस हुंदडे की पुन्हा पोट धरून बसे. "तुझ्याच भांड्यात खोट आहे," असं म्हणून त्यांनी गडाच्या स्वयंपाकिणीला, सगुणाबाईला, चूल सोडून गडाखाली उतरायला फर्मावलं.

सगुणाबाई काही डोळ्याला पदर लावून निघून जाणारी नव्हती. हात जोडले, पण मान ताठ ठेवली. म्हणाली, "भांडी चिंचेनं घासते, पाणी उकळून गाळते. राहता राहिला भरवणारा हात. तो धुतलेला मी कधी पाहिला नाही, सरकार."

कचेरीतल्या साऱ्यांच्या नजरा सरकारांच्या हातांकडे वळल्या. जेवणाआधी हात धुवायचे ते शेणामातीत राबणाऱ्यांनी, अशी सरकारांची पक्की समजूत. त्यांची बोटं रेशमी रुमालाला पुसली की झाली स्वच्छ! त्यांनी दोन्ही तळवे तिच्यापुढे धरले.

"दाखव मळ. उद्याच्या पंगतीत, सगळ्यांदेखत. माझ्या हाताला शिवायचं नाही, काही फासायचं नाही. दाखवलास तर मागशील ते देईन. नाही तर दिवस मावळायच्या आत गड सोडायचा!"

बाहेर कारभाऱ्यांनी तिला हळूच सुचवलं, की बाई, गाठोडं बांधायला घ्या. तिनं गाठोडं बांधलं नाही. तिनं हळद भिजवली.

दुसऱ्या दिवशी पंगतीतल्या तांब्याला, पाणी गार राहावं म्हणून, ओलं फडकं गुंडाळलेलं. पिवळंधमक. बाळराजांचा अंगरखा तसाच पिवळा, अजून ओलसर, आणि गालांना हळदीचा लेप. सरकार कचेरीतून आले. तिथं सकाळपासून त्यांचे विडे चालले होते. दुसऱ्यानं लावलेलं पान त्यांना चालत नसे, चुनासुद्धा ते आपल्याच बोटानं लावत. सवयीप्रमाणे रुमालाला बोटं पुसली आणि नातवाला पाहून त्यांची कळी खुलली.

"काय नवरदेव, वरात कधी?" म्हणत त्यांनी पोराला उचललं, गाल कुरवाळला, पाटावर बसवलं. तांब्यातलं पाणी प्यायले. घास उचलला, आणि तो हवेतच राहिला.

पोराच्या गालावर लालभडक बोटं उमटली होती. पाठीवर लाल पंजा. तांब्यावर लाल पंजा.

"रक्त! कोणी मारलं पोराला? वैद्यांना बोलवा!"

"रक्त नाही, सरकार," सगुणाबाई म्हणाली. "आपला हात आहे तो."

मग तिनं सांगितलं, की हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे घराघरातल्या बायांना ठाऊक असतं. विड्याचा चुना रुमालानं गेला असं सरकारांना वाटलं. तो गेला नव्हता. त्यांच्याबरोबर गडभर फिरत होता.

सरकार सहजासहजी हार मानणारे नव्हते. "चुना म्हणजे मळ नव्हे. तो तर मी खातो."

"खरं आहे. चुना बिचारा सरळ. हळद दिसली की लाल होऊन सांगतो, मी इथं आलोय म्हणून. पण सकाळी आपण घोड्याची पाठ थोपटलीत, कुत्र्याचे कान खाजवलेत, जोड्यातला खडा काढलात. ते सगळं याच बोटांवर बसून आलंय, आणि ते काही बोलत नाही. गुपचूप घासात शिरतं आणि बाळराजांच्या पोटात जाऊन मग बोलतं."

सरकारांनी हातातल्या घासाकडे पाहिलं, नातवाच्या रंगलेल्या गालाकडे पाहिलं. घास ताटात ठेवला आणि असे काही हसले, की पंगतीत वाढणाऱ्या बायासुद्धा पदराआड हसायला लागल्या.

"माग, काय हवं ते माग."

तिनं आपली चूल परत मागितली आणि पंगतीच्या दारात पाण्याचं घंगाळ. हात धुतल्याशिवाय आत कोणी यायचं नाही.

"मीसुद्धा?"

"आपण सगळ्यात आधी."

"आणि विसरलो तर?"

"तर त्या दिवशी पहिला घास मी भरवणार."

सरकारांचं हसू आवरेना. मनगटातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी तिच्यापुढे धरलं. सगुणाबाईनं पदर पसरला नाही. स्वयंपाकघरातलं पाण्याचं घंगाळ आणून तिनं त्यांच्यासमोर ठेवलं.

"आधी हात धुवा, सरकार. मग द्या."