पिंपळावरचा सल्ला

जनावरं स्वतः शेती करायची, तेव्हाची ही गोष्ट. पिंपळाखाली कोल्होबाचं पिकांच्या औषधांचं दुकान होतं आणि वर फांदीवर त्याचा पोपट बसायचा. पीक पिवळं पडलं की सगळे पोपटालाच विचारायचे. त्याचं उत्तर ठरलेलं असायचं, "फवारा मारा!"

धुरपा सशिणीनं फवारा मारला, पुन्हा मारला, तरी हरभरा पिवळाच राहिला. हिवाळ्यात पिल्लांच्या तोंडी घालायला तिच्याकडे तेवढंच होतं. तिचं डोकं फिरलं. एक पिवळं पान घेऊन ती पिंपळाखाली गेली.

"राघोबा, याला काय करू?"

"फवारा मारा!"

"अरे शहाण्या, हे तुझ्याच पिंपळाचं गळलेलं पान आहे!"

जमलेले सगळे खो खो हसले. धुरपा मात्र हसली नाही. "चल, माझ्या शेतात ये. एक रोप उपटून बघ."

"चिखलात? माझे पाय मळतील."

धुरपा तडक शेतात गेली आणि तिनं स्वतःच रोप उपटलं. मुळं कुजलेली होती. त्या भोकातून एक गांडूळ धापा टाकत वर आलं.

"बाई, खाली पाणी साचलंय. चर खण आणि काढून दे ते. माझंसुद्धा घर बुडालंय गं!"

हे शेवटचं वाक्य ऐकलं आणि धुरपानं कुदळ उचलली. पाणी बांधाबाहेर वाहू लागेपर्यंत तिनं ती खाली ठेवली नाही. काही दिवसांनी हरभऱ्याला हिरवी पालवी फुटली.

पोपट अजूनही ओरडतो. शेतकरी मान वर करून एवढंच विचारतात, "खाली उतरतोस का?"