दस्तगीर वस्तादांची एकुलती गाडी

"वस्ताद, जी गाडी कधी बाजारात आलीच नाही, तिला गाडी म्हणायचं का?"

मकरंदनं हे विचारलं तेव्हा दस्तगीर वस्ताद तिच्या काचा पुसत होते.

गाडी लहानशी. तीन चाकं, दोन माणसांची जागा, मागं स्कूटरएवढं इंजिन. चाळीस वर्षांपूर्वी कोल्हापुरातल्या याच शेडमध्ये पत्रा ठोकून त्यांनी ती केली होती. परवाना नाकारला गेला. दुसरी झाली नाही.

मकरंद याच शेडमध्ये लेथ शिकलेला. आता पुण्याच्या एका कारखान्यात नव्या मोटारींचे आराखडे त्याच्या सहीनं पास होत. कंपनीच्या संग्रहालयासाठी तो ही गाडी मागायला आला होता.

"काचेत राहील, वस्ताद. निदान लोक बघतील."

"खाली काय लिहिणार?"

"अयशस्वी प्रयोग…" तो थोडा अडखळला. "म्हणजे परवाना कचेरीच्या अहवालातच आहे तसं. दोन माणसं घेऊन घाट चढणार नाही म्हणून."

"तू वाचलास?"

"अकराच्या अकरा पानं."

वस्तादांनी फडकं खांद्यावर टाकलं. "बस."

गाडी पन्हाळ्याच्या वाटेला लागली. घाटात दुसऱ्या वळणावर इंजिन खोकलं. मकरंदनं दाराची कड घट्ट धरली. मागून ट्रक हॉर्न मारत होता. एक्क्याऐंशी वर्षांच्या वस्तादांनी गिअर उतरवला, पण बाजू दिली नाही.

गाडी चढत राहिली.

वर पोचल्यावर मकरंद उतरला. मागं जाऊन त्यानं तापलेल्या पत्र्यावर हात ठेवला.

"ही तर चढते."

"पहिल्या दिवसापास्नं."

"मग त्यांनी तसं का लिहिलं?"

"तीन दिवस कचेरीच्या फाटकाबाहेर उभी केली होती. एकही साहेब जिना उतरून आला नाही."

गेल्याच महिन्यात मकरंदनं एका गाडीवर काट मारली होती. कागदावरूनच.

वस्ताद सरकून डावीकडं बसले. "परतीला तू चालव."

"वस्ताद, नंबर नाही, कागद नाहीत. येताना वाचलो. जाताना पोलीस धरतील."

"धरू देत," वस्ताद म्हणाले. "धरायला तरी गाडीजवळ यावं लागेल."